सेट-नेटसाठी अमेरिकन साहित्य: एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी शिकवणी वर्गाने सेट-नेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांची तयारी करणाऱ्या इंग्रजीच्या विद्यार्थ्यांसाठी अमेरिकन साहित्यातील चळवळी आणि संज्ञा या विषयावर स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला आहे. मोबाइल अॅपवर पाहता येणारी चोवीस व्याख्याने, दोन भागांतील छापील नोट्स, त्यांच्या शेवटी जोडलेला संज्ञाकोश आणि सराव चाचण्या असे त्याचे स्वरूप असून दोन्ही भागांचे मिळून शुल्क साडेचार हजार रुपये आहे. व्याख्याने मराठीतून आहेत आणि नोट्स इंग्रजीत आहेत. मी बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला इंग्रजी साहित्य शिकवते. माझ्या काही विद्यार्थ्यांनी हा अभ्यासक्रम घेतला, म्हणून मीही तो पूर्ण पाहिला आणि नोट्स ओळीने वाचल्या. वर्गाचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच घडणीचे अभ्यासक्रम लातूर, नांदेड आणि पुण्यातही विकले जातात आणि पुढील मुद्दे विद्यार्थ्यांना त्यांच्याबाबतही पडताळून पाहता येतील.

अशा अभ्यासक्रमाची गरज खरी आहे. नेटच्या इंग्रजी विषयाचा सध्याचा अभ्यासक्रम दहा घटकांत विभागलेला असून त्यात नाटक, कविता, कथा-कादंबरी, ललितेतर गद्य, समीक्षा, सिद्धान्त अशी वाटणी आहे. अमेरिकन साहित्य असा वेगळा घटक नाही. त्यामुळे शंभर प्रश्नांच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत निबंधकार इमर्सन गद्याच्या घटकात येतो, कवी व्हिटमन कवितेच्या घटकात येतो, नव-समीक्षेचे (साहित्यकृतीच्या शब्दांचेच बारकाईने वाचन करणाऱ्या पद्धतीचे) अमेरिकन समीक्षक तिसरीकडेच भेटतात आणि या सर्वांना जोडणारा इतिहास विद्यार्थ्याने स्वतः जुळवायचा असतो. तालुक्याच्या गावी राहून, दिवसा तासिका तत्त्वावर शिकवून किंवा शेतीची कामे सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्यांना हे जुळवणे फार कठीण जाते. म्हणूनच मराठीतून, क्रमाने आणि शांतपणे समजावून सांगणारी व्याख्याने ही या अभ्यासक्रमाची मोठी जमेची बाजू आहे, हे आधीच नोंदवून ठेवते.

वाङ्मयीन चळवळी शिकवताना मी एक कसोटी लावते आणि येथेही तीच लावली आहे. कोणतीही चळवळ कोणाशी तरी भांडत उभी राहते. ते भांडण विद्यार्थ्याला कळले, तर चळवळीचे नाव, तिचा काळ, तिची वैशिष्ट्ये आणि तिच्या संज्ञा या सर्व गोष्टी एकमेकींना धरून लक्षात राहतात. ते कळले नाही, तर त्याच्या हाती केवळ यादी उरते आणि परीक्षेत पर्याय थोडा फिरवून दिला की ती यादी कोसळते. या कसोटीवर अभ्यासक्रमाचा पहिला भाग उत्तम उतरतो. दुसरा भाग उतरत नाही, आणि तो जेथे सर्वांत कमी पडतो ती जागा मराठवाड्यातील वर्गाला न शोभणारी आहे.

पहिल्या भागातील वसाहतकाळावरील व्याख्याने नेटकी आहेत. विन्थ्रॉपचे १६३० चे प्रवचन, अॅन ब्रॅडस्ट्रीटचा १६५० मध्ये लंडनमध्ये छापला गेलेला कवितासंग्रह, जोनाथन एडवर्ड्सचे १७४१ चे नरकाग्नीचे प्रवचन आणि टॉमस पेनची १७७६ ची पुस्तिका असे टप्पे घेत ती पुढे सरकतात. परीक्षेपुरते तेवढे पुरेसे आहे.

या भागाचे खरे तेज ट्रान्सेंडेंटलिझमवरील, म्हणजे इमर्सनभोवती उभ्या राहिलेल्या एकोणिसाव्या शतकातील विचारचळवळीवरील, तीन व्याख्यानांत दिसते. बहुतेक मार्गदर्शकांत ही संज्ञा ‘निसर्गप्रेम, आत्मनिर्भरता, अंतःप्रेरणा’ अशा तीन शब्दांत गुंडाळलेली असते. येथे व्याख्याते प्युरिटन धर्मविचारापासून सुरुवात करतात, त्याच्या कठोरपणावर उतारा म्हणून आलेला बुद्धिनिष्ठ युनिटेरियन पंथ समजावतात आणि त्या पंथाचाही कोरडेपणा असह्य होऊन इमर्सनने १८३२ मध्ये बॉस्टनमधील धर्मोपदेशकाचे पद का सोडले, ते सांगतात. मग १८३६ मध्ये ‘नेचर’ हा निबंध येतो आणि त्याच वर्षी मित्रांचे चर्चामंडळ जमते. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाच्या वर्षी हार्वर्डमध्ये इमर्सन अमेरिकन विद्वानाच्या स्वातंत्र्याविषयी भाषण देतो आणि १८४० मध्ये ‘द डायल’ हे नियतकालिक सुरू होऊन त्याचे संपादन प्रथम मार्गारेट फुलरकडे जाते. हा क्रम एका कारणातून दुसरे कार्य निघावे तसा उलगडत जातो. इमर्सनचा तरुण मित्र आणि लेखक थोरो वॉल्डन तळ्याकाठी राहत असतानाच १८४६ च्या जुलैत डोईपट्टी न भरल्याबद्दल एक रात्र तुरुंगात राहिला. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या शासनाला कर का द्यावा, हा त्याचा प्रश्न होता. त्या प्रश्नातून १८४९ चा सविनय कायदेभंगावरील निबंध निर्माण झाला आणि पुढे गांधीजींनी तो वाचला, हे व्याख्यानात नेमक्या जागी येते. थोरोच्या गीतावाचनाचा उल्लेखही आहे, मात्र त्यावरून सारे अमेरिकन चिंतन भारतातूनच गेले असा फुगवटा व्याख्याते करत नाहीत. हा संयम मला फार मोलाचा वाटला, कारण आपल्याकडील वर्गांत तो सहसा पाळला जात नाही.

याच ठिकाणी नोट्समधील एक चूक विद्यार्थ्यांनी दुरुस्त करून घ्यावी. ट्रान्सेंडेंटलिस्ट लेखकांच्या चौकटीत कादंबरीकार हॉथॉर्नचे नाव छापले आहे. तो १८४१ मध्ये काही महिने ब्रुक फार्म या सामूहिक वसाहतीत राहिला होता, त्यावरून हा गोंधळ झाला असावा. प्रत्यक्षात माणसाच्या अंतःकरणातील पापाच्या सावलीवर लिहिणारा हॉथॉर्न त्या आशावादाचा विरोधक होता आणि ब्रुक फार्मच्या अनुभवावर बेतलेल्या १८५२ च्या कादंबरीत त्याने त्या स्वप्नाची चिकित्साच केली आहे. व्याख्यानात त्याला पो आणि मेलव्हिल यांच्यासोबत, म्हणजे योग्य जागी बसवले आहे. व्याख्याने आणि नोट्स वेगवेगळ्या हातांनी तयार झाल्याचे असे ठिकठिकाणी जाणवते.

‘अमेरिकन रेनेसान्स’ या संज्ञेवरील व्याख्यान मी माझ्या वर्गात जसेच्या तसे दाखवू इच्छिते. ‘द स्कार्लेट लेटर’ १८५० मध्ये, ‘मोबी-डिक’ १८५१ मध्ये, ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये आणि ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ १८५५ मध्ये प्रसिद्ध झाले, परंतु या काळाला हे नाव चिकटले ते १९४१ च्या एफ. ओ. मॅथिसनच्या ग्रंथामुळे. म्हणजे ही चळवळ त्या लेखकांनी सुरू केलेली नव्हती. सुमारे नव्वद वर्षांनंतर एका समीक्षकाने इमर्सन, थोरो, हॉथॉर्न, मेलव्हिल आणि व्हिटमन या पाच जणांची निवड करून ती उभी केली. या निवडीतून हॅरिएट बीचर स्टोची १८५२ ची कादंबरी सुटली, जी पहिल्याच वर्षी अमेरिकेत सुमारे तीन लाख प्रतींनी विकली गेली होती. फ्रेडरिक डग्लसचे १८४५ चे आत्मकथन सुटले. सुमारे अठराशे कविता लिहून हयातीत मोजक्याच छापल्या गेलेल्या एमिली डिकिन्सनलाही त्या पाचांत जागा मिळाली नाही. साहित्याच्या इतिहासातील कप्पे कोणीतरी केव्हातरी पाडलेले असतात, हे विद्यार्थ्याच्या मनावर बिंबवणारे इतके स्पष्ट विवेचन मी मराठीतून पूर्वी ऐकले नव्हते.

यादवी युद्धानंतरचा वास्तववाद, त्यामागील कादंबरीकार-संपादक हाउएल्सची संपादकीय भूमिका आणि प्रादेशिक लेखन हा भाग ठीक आहे. निसर्गवादाचे व्याख्यान मात्र पुन्हा उंची गाठते. परिसर, आनुवंशिकता आणि योगायोग या तीन शक्तींपुढे माणूस किती लहान आहे, हे सांगण्यासाठी व्याख्यात्यांनी स्टीफन क्रेनची १८९७ ची ‘द ओपन बोट’ ही कथा घेतली आहे. क्रेन स्वतः त्या वर्षी बुडालेल्या जहाजातून वाचला होता आणि कथेतील समुद्र माणसाचा वैरीही नाही व कैवारीही नाही, तो उदासीन आहे, हा मुद्दा ते शांतपणे उभा करतात. त्यानंतर फ्रँक नॉरिसची १९०१ ची ‘द ऑक्टोपस’ येते. कॅलिफोर्नियातील गहू पिकवणारे शेतकरी आणि रेल्वे कंपनी यांच्या संघर्षाची ही कादंबरी आहे. त्यात हॉप्सचे पीक घेणारा डाइक नावाचा माणूस रेल्वेने वाहतुकीचा दर अचानक वाढवल्यामुळे उद्ध्वस्त होतो. सोयाबीनचा भाव, आडत आणि गाडीभाडे यांचा हिशेब घरात नेहमी ऐकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना निसर्गवाद म्हणजे काय, हे या एका प्रसंगातून समजले. त्यांच्या उत्तरपत्रिकांत मला तसे दिसले. केवळ दारिद्र्याचे चित्रण म्हणजे निसर्गवाद नव्हे, हा इशाराही व्याख्यानात आहे आणि तो आवश्यक होता.

दुसरा भाग विसाव्या शतकाचा आहे आणि तेथे ही पद्धत एकाएकी सोडून दिली जाते.

आधुनिकतावादाच्या प्रकरणात नावे, साले आणि वैशिष्ट्ये यांची रांग लागते. प्रतिमावादाचे (नेमकी प्रतिमा आणि काटकसरीची भाषा यांवर भर देणाऱ्या काव्यचळवळीचे) तीन नियम दिले आहेत, पण ते कोणत्या प्रकारच्या कवितेविरुद्ध मांडले गेले, हे सांगितलेले नाही. हॅरिएट मन्रो हिने १९१२ मध्ये शिकागोत सुरू केलेल्या ‘पोएट्री’ मासिकाचा उल्लेख एका ओळीत उरकला आहे. कवयित्री एमी लोवेलकडे सूत्रे गेल्यावर प्रतिमावादाचा प्रवर्तक कवी एझ्रा पाउंडने या चळवळीतून अंग काढून घेतले, हा तिच्या इतिहासातील महत्त्वाचा बेबनाव गाळलेला आहे. सर्वांत मोठी उणीव म्हणजे विल्यम कार्लोस विल्यम्स आणि टी. एस. एलियट या कवींच्या भूमिकांतील विरोध येथे कोठेच नाही. १९२२ मध्ये एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही कविता प्रसिद्ध झाल्यावर आपण वीस वर्षे मागे ढकलले गेलो, असे विल्यम्सला वाटले होते, कारण त्याला आपल्या भूमीतील रोजच्या बोलीतून कविता घडवायची होती आणि एलियटने ती युरोपच्या परंपरेकडे व विद्वत्तेकडे वळवली होती. देशीवादाची चर्चा ऐकत वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा वाद पाच मिनिटांत समजला असता आणि त्याच्या आधारे अर्धा आधुनिकतावाद लक्षात राहिला असता. त्याऐवजी ‘लॉस्ट जनरेशन’च्या (पहिल्या महायुद्धानंतरच्या भ्रमनिरास झालेल्या लेखकपिढीच्या) यादीत हेमिंग्वे व फिट्झजेराल्ड यांच्या जोडीला, मिसिसिपीच्या मातीत रुजलेला फॉकनरही बसवून टाकला आहे. नव-समीक्षेवरील व्याख्यान याला अपवाद आहे. १९३८ च्या ब्रूक्स आणि वॉरन यांच्या पाठ्यपुस्तकाने वर्गातील कविता शिकवण्याची पद्धत कशी बदलली, ते त्यात चांगले सांगितले आहे. बीट पिढीवर (१९५० च्या दशकातील बंडखोर लेखकांवर) गरजेपेक्षा अधिक वेळ खर्च झाला असून त्यातील बराचसा तिच्यातील कवी गिन्सबर्गच्या भारतातील मुक्कामावर गेला आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले, त्याकडे येते. आफ्रिकन-अमेरिकन साहित्याला या संपूर्ण अभ्यासक्रमात एकच व्याख्यान मिळाले आहे आणि तेही जाझ युगाबरोबर वाटून. १७७३ मध्ये कवितासंग्रह प्रसिद्ध करणारी फिलिस व्हीटली वसाहतकाळाच्या व्याख्यानांत नाही. ‘अमेरिकन रेनेसान्स’मधून डग्लस वगळला गेल्याची खंत व्याख्याते करतात, पण गुलामांच्या आत्मकथनांना ते स्वतः कोठेही स्वतंत्र जागा देत नाहीत, हॅरिएट जेकब्सचे १८६१ चे पुस्तक केवळ संज्ञाकोशात नावापुरते आले आहे. कृष्णवर्णीय विचारवंत द्यु बॉइसच्या १९०३ च्या ग्रंथातील ‘दुहेरी जाणीव’ (स्वतःकडे सतत इतरांच्या नजरेतूनही पाहावे लागणे) ही संकल्पना दोन ओळींत आटोपली आहे. १९६० च्या दशकातील कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांच्या ब्लॅक आर्ट्स चळवळीला नोट्समध्ये एक परिच्छेद आहे.

हार्लेम रेनेसान्सची, म्हणजे न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीभोवती उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय साहित्य-चळवळीची, मांडणी तर चक्क चुकीची दिशा दाखवते. अॅलन लॉकने संपादित केलेल्या १९२५ च्या ‘द न्यू नीग्रो’ या ग्रंथापासून आरंभ आणि १९२९ च्या मंदीने शेवट, अशी चौकट आखून सर्व लेखक एकमुखाने कृष्णवर्णीय अस्मितेचा गौरव करत होते, असे चित्र उभे केले आहे. ही चळवळ तशी एकमुखी कधीच नव्हती. १९२६ च्या जूनमध्ये ‘द नेशन’ या साप्ताहिकात जॉर्ज स्कायलरने कृष्णवर्णीयांची म्हणून काही वेगळी कला असते हेच नाकारले आणि पुढच्याच आठवड्यात लँग्स्टन ह्यूझने त्याला आपल्या प्रसिद्ध निबंधाने उत्तर दिले. त्याच वर्षी द्यु बॉइसने कला ही प्रचारच असते, अशी भूमिका घेतली, जी लॉकला मान्य नव्हती. झोरा नील हर्स्टनची थोर कादंबरी १९३७ मध्ये, म्हणजे या नोट्सने चळवळ संपवल्यानंतर आठ वर्षांनी आली आणि रिचर्ड राइटने तिच्यावर कठोर टीका केली. पुढे १९४९ मध्ये बाल्डविनने निषेधाच्या कादंबरीविषयी प्रश्न उपस्थित केले, ज्यांचा रोख राइटवरही होता. कला जीवनासाठी की कलेसाठी, दुःखाचे चित्रण कोणासाठी करायचे, आपल्या बोलीत लिहावे की प्रमाण भाषेत, हे प्रश्न दलित साहित्याची चर्चा ऐकलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहेत. शिकवणाऱ्याने केवळ दार उघडायचे होते.

संभाजीनगरात बसून शिकवणाऱ्या वर्गाकडून ही अपेक्षा वाजवी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, जे हार्लेमच्या अगदी लगत आहे, आणि १९४६ मध्ये त्यांनी द्यु बॉइसना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. त्यांच्याच पुढाकाराने १९५० मध्ये या शहरात जे महाविद्यालय सुरू झाले, त्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे यांच्यासारख्या, अमेरिकेत शिकून आलेल्या प्राध्यापकांनी तेथील कृष्णवर्णीय लेखकांची ओळख करून दिली आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने नव्या लिहित्या हातांना व्यासपीठ दिले. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्य-संस्कृतीवर मराठीत ग्रंथ लिहिला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच १९६६ च्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. अमेरिकन साहित्याच्या इतर कोणत्याही शाखेशी मराठवाड्याचे इतके जुने आणि इतके घट्ट नाते नाही. तीच शाखा येथील विद्यार्थ्यांना अर्ध्या व्याख्यानात शिकवली जावी, याचे मला मनापासून दुःख झाले. परीक्षेच्या दृष्टीनेही ही मोठी चूक आहे, कारण सांस्कृतिक अभ्यास आणि सिद्धान्त या दोन्ही घटकांत या परंपरेतील संज्ञा लागतात.

संज्ञाकोशात प्रत्येक संज्ञेसोबत एका कलाकृतीचे उदाहरण दिले आहे, ही चांगली गोष्ट आहे. इतिहासकार टर्नरचा १८९३ चा अमेरिकन सीमाप्रदेशाविषयीचा सिद्धान्त त्यात आहे, जो अनेक मार्गदर्शकांत नसतो; ‘ऑब्जेक्टिव्ह कोरिलेटिव्ह’ची (भावना व्यक्त करणाऱ्या वस्तू वा प्रसंगांच्या योजनेची) नोंद एलियटच्या १९१९ च्या ‘हॅम्लेट’वरील निबंधाशी नीट जोडलेली आहे; ‘कन्फेशनल पोएट्री’ (कवीच्या खासगी आयुष्याची उघड कबुली देणारी कविता) हे नाव एम. एल. रोझेंथालने १९५९ मध्ये रॉबर्ट लोवेलच्या संग्रहाच्या परीक्षणात रूढ केले, हेही सांगितले आहे. सराव चाचण्यांतील प्रश्न परीक्षेच्या वळणाचे आहेत, पण उत्तरतालिका तपासून घ्यावी लागते. एका प्रश्नात मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीच्या प्रकाशनवर्षासाठी १८८४ आणि १८८५ असे दोन्ही पर्याय दिले असून त्यांपैकी एकच बरोबर धरला आहे. हे पुस्तक इंग्लंडमध्ये १८८४ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १८८५ च्या आरंभी निघाले, त्यामुळे देश सांगितल्याशिवाय तो प्रश्नच उभा राहत नाही. मी ही आणि अशा काही त्रुटी वर्गाला कळवल्यावर उत्तरतालिका तत्परतेने दुरुस्त झाली, याची नोंद करणे न्याय्य ठरेल. दुसऱ्या भागाच्या फेरमांडणीविषयी मात्र काही कळवलेले नाही.

अॅपवरील व्याख्याने मोबाइलमध्ये उतरवून ठेवता येतात, त्यामुळे संध्याकाळी नेटवर्क जाणाऱ्या गावांतही अडचण येत नाही. ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे. छापील नोट्सची बांधणी कच्ची असून अक्षर लहान आहे. घेतल्याबरोबर स्पायरल करून घेणे बरे.

दोन्ही भाग वेगळे मिळतात. पहिल्या भागाचे शुल्क अडीच हजार रुपये असून ते वाजवी आहे. एकोणिसाव्या शतकासाठी मराठीतून याहून चांगली व्याख्याने माझ्या पाहण्यात नाहीत. दुसरा भाग सध्याच्या स्वरूपात घेऊ नये. विसाव्या शतकासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एखादा प्रमाण इतिहासग्रंथ वापरावा. डग्लसचे आत्मकथन, जेकब्सचे पुस्तक आणि द्यु बॉइसचा १९०३ चा ग्रंथ ही तिन्ही पुस्तके आता स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. द्यु बॉइसचे पहिले प्रकरण लहान आहे. ते आधी वाचावे, मग ह्यूझचा १९२६ चा निबंध घ्यावा आणि त्यानंतरच सराव चाचण्यांकडे वळावे.